शोभनाताईंचं अरबस्तानातलं देऊळ

शोभना उजागरे सौदीत अल-खोबरला आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. एका खाजगी हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात त्या पंचवीस वर्षं नर्स होत्या, आणि या पंचवीस वर्षांत त्या एकच खोटं बोलल्या. फक्त ते दर शुक्रवारी बोलल्या.

मूळच्या त्या नगर जिल्ह्यातल्या. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक, आई बायजाबाई मिशनच्या दवाखान्यात आया. गावात शंभर-सव्वाशे वर्षांचं दगडी देऊळ आहे. त्यांच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. बायजाबाईंनी त्या देवळातला रविवार आयुष्यात दोनदा चुकवला, दोन्ही वेळा बाळंतपणामुळे, आणि त्याबद्दल त्या अजून हळहळतात. शोभनाताई थोरल्या. लग्न केलं नाही. करायचं नव्हतं असं त्या म्हणायच्या, आणि कुणी विचारलं नव्हतं असंही त्याच म्हणायच्या. तेहतिसाव्या वर्षी सौदीला आल्या.

आल्यावर पहिल्याच आठवड्यात टेलिफोन केबिनमधून घरी फोन लावला. मागे दहा-बारा बायकांची रांग, कार्डावर दोन मिनिटं उरलेली. बायजाबाईंनी तब्येत विचारली नाही, जेवण विचारलं नाही. पहिला प्रश्न: "देवळात गेलतीस का?"

"आता तूच सांग, अलका," शोभनाताई मला म्हणाल्या होत्या, "या देशात देऊळच नसतं, का नसतं, मग आम्ही काय करतो, हे सगळं दोन मिनिटांत कसं सांगायचं? 'हो' म्हणायला एकच अक्षर लागतं."

तर त्या 'हो' म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात आईनं विचारलं, पाळक, म्हणजे पाद्री, कोण आहेत? शोभनाताई तेव्हा हॉस्पिटलमधल्या फोनवरून बोलत औषधांच्या खिडकीसमोर उभ्या होत्या. आतल्या पाकिस्तानी फार्मासिस्टच्या छातीवर नावाची पट्टी होती. त्या म्हणाल्या, "शारीकसाहेब." त्या दिवसापासून बायजाबाई रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत पाळक शारीक यांचं नाव घेऊ लागल्या. पुढे काही वर्षांनी शारीकभाईंचं खरंच हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा नगरकडच्या त्या गावात अख्ख्या मंडळीनं त्यांच्यासाठी उपास केला. शोभनाताईंनी शारीकभाईंना हे सगळं कबूल केलं. ते खूप हसले, टाके दुखेपर्यंत हसले, आणि म्हणाले, "बाजी, दुआ है. वापस थोड़ी करूँगा."

खरं म्हणजे प्रार्थनेची सोय अगदीच नव्हती असं नाही. एका मल्याळी कुटुंबाच्या घरी सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारी, दारं लावून लोक जमायचे. शोभनाताई दोनदा गेल्या. पहिल्यांदा भीतीनं त्यांना घाम फुटला. दुसऱ्यांदा भीती गेली होती, त्यामुळे तीन तास मल्याळम ऐकू आलं. तिसऱ्यांदा त्या गेल्या नाहीत. "लोकांना वाटतं, इकामा, राहण्याचा परवाना, जाईल या धाकानं सोडलं," त्या म्हणाल्या. "मी कंटाळून सोडलं. हे आईला सांगण्यापेक्षा खोटं बरं." मग त्यांनी शुक्रवारची ड्युटी मागून घेतली. बाकीच्या सिस्टर आणि टेक्निशियन त्यांना दुवा द्यायचे. चार-चार तास मशीनला जोडलेले पेशंट त्यांची वाट बघायचे, कारण सुई टोचताना दुखायला नको असेल तर सिस्टर शोबानाच हव्यात, असं म्हातारे शेखसुद्धा सांगायचे.

खोटं वाढतं, तसं हेही वाढलं. देवळाला गायनमंडळ आलं. खिडक्यांना काचा आल्या. एकदा बायजाबाईंनी विचारलं, घंटा आहे का? शोभनाताईंना घंटेचं धाडस झालं नाही. त्या म्हणाल्या, "घंटा नाही, पण मनोरा आहे."

गेल्या वर्षी निवृत्तीचा कागद आला. फायनल एक्झिटचा, म्हणजे कायमचं परतण्याचा, व्हिसा मार्चमध्ये निघणार होता. ऑक्टोबरात बायजाबाईंनी, वय सत्त्याऐंशी, नातीच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल केला आणि सांगितलं, "शोभे, येण्याआधी तुझ्या देवळाचा फोटो धाड. तू मनोऱ्यापाशी उभी पाहिजेस. मला बघून मरायचंय."

त्याच दिवशी दुपारी शोभनाताई खाली आमच्याकडे आल्या. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी हे सगळं सांगितलं. एवढी वर्षं शेजारी राहूनही मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझे यजमान उल्हास शेजारच्या खुर्चीत पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. ते पेट्रोकेमिकल कंपनीत इंजिनिअर आहेत, पण त्यांचा जीव इतिहासात. पगार नळ्यांचा घेतात, विचार सातवाहनांचा करतात. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"शोभनाताई," ते म्हणाले, "देऊळ आहे."

"कुठे?"

"जुबैलच्या बाजूला. वाळूत. चौथ्या शतकातलं असावं म्हणतात. इथे तेव्हा ख्रिस्ती वस्ती होती, मठ होते, साधू राहायचे. आणि मठ म्हटलं की मनोरा आलाच."

शोभनाताईंनी कप खाली ठेवला. पंचवीस वर्षं ज्या देशात देऊळ नाही म्हणून त्या खोटं बोलत होत्या, तिथे त्यांच्या गावच्या देवळापेक्षा दीड हजार वर्षं जुनं देऊळ तासाभराच्या अंतरावर होतं. त्यांचा चेहरा खुलला नाही, उलट थोडा अपमान झाल्यासारखा दिसला. "एवढं जवळ?" त्या म्हणाल्या. "मग मी जायला हवं होतं की."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही निघालो. गाडी उल्हास चालवत होते, शेजारी शोभनाताई, मागे मी आणि आमची मुलगी आर्या. ती पंधरा वर्षांची आहे आणि तिला मराठी कळतं, पण बोलावं असं तिला वाटत नाही. शोभनाताईंनी नेहमीच्या अबायाच्या, त्या काळ्या झग्याच्या, आत साडी नेसली होती. आईला पदर दिसावा म्हणून.

नेमकी जागा मी सांगत नाही. हायवे सोडून आत वळल्यावर नळ्यांचे जुडगे लागले, मग खजुराची एक वाळलेली बाग, आणि बागेच्या कडेला दगडी, गोल, दोन पुरुष उंचीचा एक बुंधा. उल्हासनी इतक्या जोरात ब्रेक मारला की आर्याच्या कानातला इअरफोन पडला.

"मनोरा!" ते म्हणाले.

पुढची वीस मिनिटं उन्हात उभं राहून आम्ही व्याख्यान ऐकलं. साधू वर कसे राहायचे, शिडी वर कशी ओढून घ्यायचे, लुटारू आले की धान्य वर कसं ठेवायचे. दगडांतल्या एका भोकाकडे बोट दाखवून उल्हास म्हणाले, "ही बघा, प्रार्थनेची खिडकी. बरोबर पूर्वेला."

"पप्पा, दिस इज अ वॉटर टँक," आर्या म्हणाली.

"तुला काय कळतंय?" उल्हास म्हणाले.

शोभनाताईंनी अबायाच्या आतून पदर थोडा बाहेर काढला आणि त्या बुंध्यापाशी उभ्या राहिल्या. फोटो चांगला आला. त्या हसत होत्या, मागे निळं आकाश होतं, आणि मनोरा खरंच मनोऱ्यासारखा दिसत होता.

तिथून दोनेकशे पावलांवर तारेचं कुंपण होतं. कुंपणाच्या आत वाळूतून वर आलेल्या तीन-चार भिंती, एक मोकळं अंगण, आणि भिंतींना कमानींच्या खुणा. छप्पर नव्हतं. बाहेर पत्र्याची एक खोली, खोलीला एसी, आणि एसीखालच्या सावलीत खुर्चीवर एक माणूस. आम्हाला बघून तो उठला आणि हात हलवत आला.

"ममनू! फोटो ममनू! यल्ला, यल्ला!"

फोटोला बंदी आहे, निघा, असं तो सांगत होता. उल्हास मोडक्यातोडक्या अरबीत त्याला समजावू लागले. तो मान हलवत राहिला. मी घाबरून शोभनाताईंना म्हणाले, "चला बाई, उगाच लफडं नको. मनोऱ्याचा फोटो मिळालाय ना?"

तो माणूस थांबला. माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, तुम्ही महाराष्ट्रातले का?"

त्याचं नाव मोहियुद्दीन. परभणीचा, जिंतूर रोडचा. नऊ वर्षं इथे राखणदार. नऊ वर्षांत या जागेवर त्याच्यासमोर मराठीत बोललेलं पहिलं माणूस मी, आणि मी बोलले ते त्याच्यापासून पळून जाण्याबद्दल. त्यानं आतून खुर्च्या आणल्या, थर्मासमधला चहा दिला. पण कुंपणाचं दार उघडायला तयार होईना.

"दार सोडून काहीपण सांगा, ताई. कफील, मालक माझा, म्हणलाय, आत कुणाला सोडलं तर खलास. इकामा जाईल माझा."

"हे काय आहे, माहीत आहे का तुम्हाला?" शोभनाताईंनी विचारलं.

"जुनं गोडाऊन आहे म्हणतात. खजूर ठेवायचं."

"चर्च आहे हे. सोळाशे वर्षांपूर्वीचं."

मोहियुद्दीननं मागे वळून भिंतींकडे पाहिलं. मग आमच्याकडे. "म्हणजे नऊ वर्षं मी..." तो म्हणाला, आणि वाक्य सोडून दिलं. थर्मासचं झाकण लावत म्हणाला, "मी तिकडं भिंतीला पाठ लावून जेवतो. चालतं ना?"

"चालतं," शोभनाताई म्हणाल्या. त्या देवळाचा कारभार जणू त्यांच्याकडेच होता.

उल्हासनी संधी साधून मनोऱ्याचा विषय काढला. हा मनोरा आणि ही वास्तू एकाच काळातली का, असं त्यांनी त्याला विचारलं. बिचाऱ्याला आधी प्रश्नच कळला नाही.

"ते? ती बागेची पाण्याची टाकी होती, साहेब. वरचा भाग माझ्यासमोर पडला. दोन हजार अठराला."

आर्यानं फक्त बापाकडे बघितलं, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. उल्हास उठून कुंपणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दगड बघू लागले.

मला वाटलं, शोभनाताई हिरमुसतील. त्या म्हणाल्या, "असू दे. आईला मनोरा हवा होता, मिळाला. आता देऊळ तेवढं राहिलं."

त्यावर मोहियुद्दीननंच वाट काढली. तो म्हणाला, तुम्हाला आत सोडायचं नाही असा हुकूम आहे, मी आत जायचं नाही असा नाही. मोबाइल माझ्याकडे द्या. शोभनाताईंनी दिला. त्यानं कुलूप काढलं, आत गेला, आणि पहिल्या भिंतीपाशी अडला. खाली वाकून त्यानं पायातल्या चपला काढल्या, कुंपणाच्या बाजूला नीट जोडीनं ठेवल्या आणि अनवाणी पुढे गेला. नऊ वर्षं तो तिथे चपला घालूनच फिरत होता.

शोभनाताई तारेला धरून बाहेरून सांगत होत्या. "पूर्वेची भिंत घ्या. ती नाही, समोरची. तिथं वेदी असणार. जरा मागं सरका." जन्मात पहिल्यांदा एखाद्या देवळाची व्यवस्था त्यांच्या सांगण्यावरून चालली होती, आणि त्यांना आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. अंगणाच्या मध्ये उभं राहून मोहियुद्दीननं मोबाइल आमच्याकडे वळवला आणि त्यांचाही एक फोटो काढला.

तो परत आला तेव्हा शोभनाताईंचं लक्ष मोबाइलकडे नव्हतं. त्या त्याच्या पायांकडे बघत होत्या. चपला घालायला तो खुर्चीवर टेकला, तशा त्या खाली बसल्या आणि त्याच्या घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"किती दिवस सूज आहे?"

"उन्हाची आहे, ताई."

"उन्हाची नाही. लघवीला फेस येतो का?"

माझ्यासमोर हा प्रश्न आल्यामुळे मोहियुद्दीन लाजेनं चूर झाला, पण त्यानं मान डोलावली. शोभनाताईंनी त्याला हॉस्पिटलचं नाव, वार आणि वेळ सांगितली आणि दोनदा म्हणवून घेतली. त्या मला परतताना म्हणाल्या, "मला वाटलं होतं, तिथं जाऊन डोळ्यांत पाणी येईल, गुडघे टेकवावेसे वाटतील. काही नाही. मला त्याचे पायच दिसत होते."

मोहियुद्दीननं अकरा फोटो काढले होते. नवांत त्याचा अंगठा होता. दहावा तीन भिंतींचा, स्वच्छ. अकरावा शोभनाताईंचा: आतून काढलेला, कुंपणाच्या तारा इतक्या जवळ की पुसट झालेल्या, आणि त्यांच्या पलीकडे पदर सावरत उभ्या असलेल्या त्या. एखाद्या मोठ्या दारात उभ्या आहेत असं वाटत होतं. त्यांनी मनोरा आणि हे दोन असे तीन फोटो पाठवले.

संध्याकाळी कॉल आला. मी तिथेच होते. नात ईशानं मोबाइल आजीच्या तोंडासमोर धरला होता, त्यामुळे आम्हाला बायजाबाईंचं अर्धं कपाळच दिसत होतं.

"शोभे, छप्पर कुठंय?"

"आई, जुनं आहे ते."

"जुनं म्हणून काय झालं? आपलं बी जुनंय. आपण कौलं घातली. तुमचे शारीकसाहेब झोपतात का?"

शोभनाताई माझ्याकडे बघू लागल्या. मी खिडकीकडे बघू लागले.

"सोळाशे वर्षं जुनं आहे, आई," त्या म्हणाल्या.

कपाळ मोबाइलच्या आणखी जवळ आलं. मग आवाज आला, "सोळाशे? म्हंजी गोरे सायब यायच्या आधी?"

"त्यांच्या देशात देऊळ नव्हतं, तेव्हाचं."

"अगं बाई," बायजाबाई म्हणाल्या. एवढंच. मग ईशाला म्हणाल्या, "बंद कर. मला जरा बसू दे."

शोभनाताईंना वाटलं, संपलं एकदाचं. त्या हायपरटेन्शनच्या गोळ्या घेऊन झोपल्या. पण तिकडे तो भिंतींचा फोटो महिला मंडळात फिरला, मग गावच्या पाळकसाहेबांकडे गेला, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला त्याची मोठी प्रत फ्रेम करून गावच्या देवळात लागली, खाली अक्षरं रंगवून: 'आमच्या भगिनी शोभना उजागरे यांचे अरबस्तानातील प्राचीन मंदिर.' नाताळात मंडळीनं त्या मंदिराच्या छपरासाठी खास प्रार्थना केली. ईशानं त्याचा व्हिडिओ पाठवला. दोनशे माणसं डोळे मिटून, परभणीच्या मोहियुद्दीनच्या राखणीतल्या भिंतींवर छप्पर मागत होती.

मोहियुद्दीन, त्या गडबडीत, सांगितलेल्या दिवशी हॉस्पिटलला आला होता. रक्तदाब एकशे नव्वद निघाला, मूत्रपिंडं थकायला लागली होती. मशीनची वेळ आलेली नाही; गोळ्या चालू आहेत, मीठ बंद आहे. तो मीठ खातो, असं शोभनाताईंचं म्हणणं.

मार्चमध्ये त्या गावी परतल्या. आम्ही दम्मामच्या विमानतळावर सोडायला गेलो. शारीकभाईही आले होते. त्यांनी बायजाबाईंसाठी खजुराचा डबा दिला आणि म्हणाले, "कहना, पादरी साहब ने भेजा है." शोभनाताई हसल्या नाहीत. मला तेव्हाच शंका आली होती.

पुढचं मला त्यांनी फोनवर सांगितलं. पहिल्याच रविवारी पाळकसाहेबांनी त्यांना पुढे बोलावलं आणि परदेशात श्रद्धा कशी जपली, त्या साक्षीबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं. समोर गच्च भरलेली बाकं, भिंतीवर ती फ्रेम, पहिल्या रांगेत आई नव्या पातळात. शोभनाताईंनी तयार केलेलं भाषण हातात होतं. ते त्यांनी वाचलं नाही. त्या म्हणाल्या, की तिथं मी पंचवीस वर्षं कुठल्याच देवळात गेले नाही. फोटोतल्या देवळातसुद्धा मी आत गेलेले नाही, आत एक मुसलमान भाऊ गेला होता आणि त्यानं चपला काढल्या होत्या. मनोरा पाण्याच्या टाकीचा आहे. शुक्रवारी मी ड्युटी करायचे. मी आईशी खोटं बोलले, मला क्षमा करा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, अलका. मला वाटलं, आता सगळे उठून जातील. पाळकसाहेब उठले आणि म्हणाले, बघा, आमची बहीण किती नम्र आहे! एवढ्या छळाच्या देशात राहिली आणि स्वतःकडे मोठेपणा घेत नाही. सगळे म्हणाले, आमेन. बाहेर आल्यावर बायका माझे हात धरून रडल्या."

"छळ? तुम्हाला तर शेख लोक ईदला मिठाई पाठवायचे."

"तेही सांगितलं मी. त्या आणखी रडल्या."

हे खरं आहे असं ज्यांना पटलं, त्या एकट्या बायजाबाई. आणि त्या संतापल्या. खोट्याबद्दल नव्हे. "एवढं खरं सांगायची काय गरज होती?" घरी आल्यावर त्या म्हणाल्या. "माणसांना किती बरं वाटत होतं. अन् मला पहिल्या रांगेत बसवलं होतं." दोन दिवस त्या लेकीशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता विचारलं, "तो शारीक पाळक नाही, मग कोण?"

"औषधं देतो, आई."

"त्याचं हृदय बरंय ना?"

"बरं आहे."

बायजाबाईंनी खजुराच्या डब्याचं झाकण उघडलं, एक खजूर तोंडात टाकला आणि बी हातात घेऊन तो चघळून संपवला. मग म्हणाल्या, "उद्या महिला मंडळ आहे. तुला नेते. पण तू तोंड उघडायचं नाहीस."

शोभनाताई मंडळात गेल्या. तास-दीड तास बसल्या. शेजारच्या बाईनं अरबस्तानातल्या उन्हाबद्दल विचारलं, तेव्हा आईकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली.